टार्गेट शूटिंगसाठी परवडणारा स्पॉटिंग स्कोप कसा निवडायचा? सोप्या गणितासह संपूर्ण माहिती

रायफल किंवा पिस्तूल शूटिंग सुरू केलेल्या घरात खर्चाची एक यादी असते. जॅकेट, ट्राउझर, शूज, ग्लोव्ह, गोळ्या, रेंजची फी. काही महिने गेले की या यादीत अजून एक ओळ येते: स्पॉटिंग स्कोप. ऑनलाइन शोधायला बसलं की काही हजारांपासून लाखाच्या वरपर्यंतच्या किमती दिसतात. '२५-७५×', 'एचडी', 'बीएके-४ प्रिझम', 'वॉटरप्रूफ' असे शब्द प्रत्येक डब्यावर असतात. मग आपण काय करतो? जास्त झूमवाला घेतो, कारण मोठा आकडा म्हणजे चांगली वस्तू असं वाटतं.

टार्गेट शूटिंगच्या बाबतीत हा हिशोब बहुतेक वेळा चुकतो. आपल्याला डोंगरापलीकडचा पक्षी बघायचा नसतो. ठरलेल्या अंतरावरच्या ठरलेल्या कागदावर, ठरलेल्या मापाचं एक भोक बघायचं असतं. अंतर माहीत, भोकाचं माप माहीत. मग किती ताकदीचा स्कोप पुरेल हे दुकानात जायच्या आधीच काढता येतं. या लेखात तेच करूया आणि वाचलेले पैसे कुठे लावायचे तेही बघूया.

स्पॉटिंग स्कोप म्हणजे काय?

स्पॉटिंग स्कोप म्हणजे एका डोळ्याने बघायची, स्टँडवर बसवायची छोटी दुर्बीण. रायफलवर बसवतात त्या टेलिस्कोपिक साइटशी तिचा संबंध नाही. ही बंदुकीला जोडलेली नसते, शेजारी उभी असते. पुढे मोठी काच असते तिला ऑब्जेक्टिव्ह म्हणतात. मागे डोळा लावायचा भाग असतो तो आयपीस. मध्ये प्रिझम असतो, तो उलटी प्रतिमा सुलट करतो.

शूटरला तिचा उपयोग दोन कामांसाठी होतो.

पहिलं काम म्हणजे शॉट कुठे लागला ते बघणं. ट्रिगर सुटला की शूटर मनात अंदाज करतो, "हा शॉट नऊला, डावीकडे गेला." याला शॉट कॉल करणं म्हणतात. नंतर स्कोपमधून खरं भोक बघायचं आणि अंदाजाशी ताडून पाहायचं. सॉफ्टवेअरच्या भाषेत हा फीडबॅक लूप आहे. तो नसेल तर पन्नास गोळ्या झाडून झाल्यावर कागद हातात येतो आणि तेव्हा कुठली चूक कुठल्या शॉटला झाली हे कळायला मार्ग नसतो. गोळीला पैसे पडतात, त्यामुळे हा लूप जितका छोटा तितका सराव कामाचा.

दुसरं काम म्हणजे हवेचा अंदाज. उन्हात तापलेल्या जमिनीवरची हवा लहरताना दिसते. मृगजळाचाच हा प्रकार, शूटर मंडळी त्याला 'मिराज' म्हणतात. लहरी कुठल्या बाजूला सरकतायत यावरून वारा कळतो. यासाठी स्कोपचा फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणतात.

आधी हे विचारा: मला स्कोप लागतो का?

सगळ्यात स्वस्त स्कोप म्हणजे न घेतलेला स्कोप. म्हणून खरेदीआधी तुमचा प्रकार बघा.

*१० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल:* बहुतेक मुलं-मुली इथूनच सुरुवात करतात. इथे स्कोपवर पैसे घालायची गरज जवळपास नाही. रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉट शेजारच्या स्क्रीनवर दिसतो. कागदी टार्गेट असेल तर पुलीने किंवा मोटरने कार्ड जवळ ओढून बघता येतं. शिवाय आंतरराष्ट्रीय शूटिंग महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांत बंदुकीला न जोडलेली दुर्बीण वापरायची मुभा लांब अंतराच्या प्रकारांना आहे, १० मीटरला नाही. म्हणजे स्पर्धेत जी वस्तू वापरता येणार नाही तिची सरावात सवय लावण्यात फायदा नाही. घरी साधी दुर्बीण असेल तर सरावाला तीच पुरते.

*२५ मीटर पिस्तूल:* टार्गेट मोठं असतं. अचूकतेच्या फेरीच्या कागदावर दहाचं वर्तुळच ५० मिमी व्यासाचं आहे. कागदावर सराव करत असाल तर छोटा, कमी ताकदीचा स्कोप पुरतो.

*५० मीटर रायफल:* स्पॉटिंग स्कोपची खरी जागा ही. महाराष्ट्राचं या प्रकाराशी जवळचं नातं आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. इथे कार्ड हाताशी ओढून बघता येत नाही आणि वाराही त्रास देतो. म्हणून कागदी टार्गेटवर स्कोप हवाच, आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलं तरी मिराज वाचायला तो उपयोगी पडतो.

*३०० मीटर:* आपल्याकडे नवशिक्यांना या अंतराची गरज सहसा पडत नाही. इथलं गणित वेगळं आहे, ते पुढे येईलच.

गणित: भोक केवढं, अंतर किती

५० मीटरला वापरतात ती गोळी पॉइंट टू-टू, म्हणजे साधारण ५.६ मिमी व्यासाची. अंदाज यावा म्हणून सांगतो, मिऱ्याच्या एका दाण्याएवढी. कार्डावर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी आणि सगळ्यात बाहेरचं एकचं वर्तुळ १५४.४ मिमी व्यासाचं असतं. मधला काळा भाग ११२.४ मिमी.

आता झूमचा अर्थ. २०× म्हणजे वस्तू वीसपट जवळ आल्यासारखी दिसते. सूत्र एकच:

दिसणारं अंतर = खरं अंतर ÷ झूम

- ५० मीटर, १५× : साधारण ३.३ मीटरवरून बघितल्यासारखं
- ५० मीटर, २०× : २.५ मीटरवरून
- ५० मीटर, ३०× : १.७ मीटरवरून
- २५ मीटर, १५× : १.७ मीटरवरून
- ३०० मीटर, २०× : १५ मीटरवरून
- ३०० मीटर, ६०× : ५ मीटरवरून

भिंतीवर पांढरा कागद लावा, त्यावर मिऱ्याचा दाणा चिकटवा आणि अडीच मीटर लांब उभे राहा. दिसतो ना? स्वच्छ दिसतो. म्हणजे ५० मीटरसाठी २०× पुरेसं आहे. ३०× हे चैनीचं. ७५× ची गरज नाही.

पुढच्या काचेच्या व्यासाचंही असंच आहे. काच जितकी रुंद तितका बारीक तपशील वेगळा दाखवता येतो. खगोलशास्त्रात यासाठी डॉज मर्यादा नावाचं जुनं सूत्र वापरतात: ११६ भागिले काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. उत्तर येतं आर्कसेकंदात. कोन मोजायचं हे बारीक एकक आहे, एका अंशाचे ३,६०० आर्कसेकंद.

५० मिमी काचेची मर्यादा येते २.३ आर्कसेकंद. आणि ५० मीटरवरचं ५.६ मिमीचं भोक आपल्या डोळ्याशी किती कोन करतं? साधारण २३ आर्कसेकंद. म्हणजे ५० मिमीच्या छोट्या काचेकडेसुद्धा दहापट मार्जिन आहे. त्यासाठी ८० किंवा १०० मिमीची जड, महाग काच घ्यायचं कारण नाही.

३०० मीटरला मात्र ६ मिमीचं भोक जेमतेम ४ आर्कसेकंदांचं होतं. तिथे ५० मिमी काच मर्यादेच्या जवळ येते, वर हवेच्या लहरी असतात. म्हणून त्या अंतराला ८० मिमी काच आणि चांगला दर्जा लागतो. 'मोठाच स्कोप घे' हा सल्ला चुकीचा नाही, फक्त तो दुसऱ्या अंतराचा आहे.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे?

समजा डब्यावर '२०-६०×६०' लिहिलंय. पहिले दोन आकडे म्हणजे झूम, वीसपट ते साठपट. शेवटचा आकडा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, ६० मिमी.

आता काचेच्या व्यासाला झूमने भागा. जे उत्तर येतं त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. आयपीसमधून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा हा व्यास.

- २०× ला: ६० ÷ २० = ३ मिमी
- ४०× ला: ६० ÷ ४० = १.५ मिमी
- ६०× ला: ६० ÷ ६० = १ मिमी

दिवसा उजेडात आपली बाहुली साधारण २ ते ३ मिमी उघडी असते. एक्झिट प्युपिल त्याच्या आसपास असलं की चित्र उजळ दिसतं आणि डोळा नेमक्या जागी नेण्यासाठी धडपडावं लागत नाही. १ मिमीला चित्र काळवंडतं, डोळा जरा हलला की सगळं गायब होतं. म्हणून स्वस्त स्कोपवर ६०× लिहिलेलं असलं तरी तुम्ही वापराल ते २० ते ३० च. उरलेला आकडा डब्यासाठी आहे असं समजा.

जास्त झूमचे आणखी दोन तोटे. एक, स्टँडची थरथरही तितक्याच पटीने वाढते. दुसरा, हवेच्या लहरीही मोठ्या होतात. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या रेंजवर ६०× लावलं की कार्ड पाण्याखाली ठेवल्यासारखं हलताना दिसतं. अशा वेळी झूम कमी केल्यावर भोक जास्त स्पष्ट दिसतं.

मग नक्की काय बघायचं?

*१. सुरुवातीचा झूम.* कमाल आकडा सोडा, किमान आकडा बघा. ५० मीटरसाठी १५ किंवा २० पासून सुरू होणारा घ्या. '२५-७५×' मध्ये सुरुवातच २५ ला होते, त्यामुळे चित्राचा आवाका लहान मिळतो.

*२. आवाका.* याला फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात. कंपनी बहुधा १,००० मीटरवर किती मीटर रुंदी दिसते ते लिहिते. ३५ मीटर लिहिलं असेल तर ५० मीटरवर पावणेदोन मीटर दिसेल. कार्ड तर येईलच, वरचा लेन नंबरही दिसायला हवा. शेजारच्या कार्डावर शॉट जाण्याचा प्रकार, ज्याला क्रॉसफायर म्हणतात, तो टाळायला याचा उपयोग होतो.

*३. सरळ की तिरका आयपीस?* सरळ प्रकारात डोळा नळीच्या रेषेत लावावा लागतो. तिरक्या प्रकारात आयपीस ४५ अंशात वळलेला असतो. शूटिंगसाठी बहुतेकांना तिरका सोयीचा पडतो. झोपून शूट करताना मान न उचलता, शरीराची ठेवण न मोडता बघता येणं महत्त्वाचं असतं. ठेवण मोडली की पुढचा शॉट नव्याने जुळवावा लागतो.

*४. फिरणारी कॉलर.* स्कोपच्या नळीला धरणारं कडं सैल करून सगळा स्कोप स्वतःभोवती फिरवता आला पाहिजे. मग तिरका आयपीस वर न ठेवता आडवा, थेट चेहऱ्याकडे वळवता येतो. ही गोष्ट जाहिरातीत ठळक नसते, फोटोत शोधावी लागते. कडं आणि ते आवळायचा स्क्रू दिसला तर समजा आहे.

*५. आय रिलीफ.* डोळा आयपीसपासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. चष्मा किंवा शूटिंग ग्लासेस वापरत असाल तर १५ मिमी किंवा जास्त हवं. आयपीसचं रबर दुमडता किंवा खाली फिरवता यायला हवं.

*६. फोकसचं चाक.* गुळगुळीत फिरायला हवं आणि हात काढल्यावर सरकायला नको. मिराज बघताना फोकस सतत पुढे-मागे करावा लागतो, तेव्हा अडकणारं चाक डोक्याला ताप होतं.

*७. काचेवरचे शब्द.* 'कोटेड' म्हणजे काही काचांवर एक थर. 'फुली मल्टी-कोटेड' म्हणजे सगळ्या हवेला लागणाऱ्या पृष्ठभागांवर अनेक थर. यात प्रकाश कमी वाया जातो, तेव्हा हेच बघा. 'बीएके-४' हा प्रिझमच्या काचेचा प्रकार, 'बीके-७' पेक्षा बरा मानला जातो. 'ईडी' काचेमुळे कडांवरची जांभळी-हिरवी झालर कमी होते. ५० मीटरला २०× वर ही झालर फार त्रास देत नाही, त्यामुळे बजेट तंग असेल तर ईडी सोडून दिलं तरी चालेल. 'एचडी' या शब्दाला स्कोपच्या बाबतीत ठरलेला अर्थ नाही, त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

स्टँड: जिथे खरे पैसे लावायचे

स्वस्त स्कोपसोबत वीतभर उंचीचा एक ट्रायपॉड फुकट मिळतो. तो टेबलावर ठेवून बघायला ठीक आहे, रेंजवर नाही. वारा आला की थरथरतो, झूममधून ती थरथर वीसपट दिसते. चांगला स्कोप डळमळत्या स्टँडवर असला तर साध्या स्कोपपेक्षा वाईट दिसतो. सिस्टिम स्लो असेल तर आधी बॉटलनेक शोधायचा असतो, तसंच इथे. स्वस्त सेटमध्ये बॉटलनेक बहुतेकदा स्टँडच असतो.

थ्री पोझिशन्समध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून असे तीन प्रकार असतात. प्रत्येकात डोळ्याची उंची वेगळी. म्हणून उंची पटकन बदलता येईल असा स्टँड हवा. यासाठी दोन मार्ग आहेत.

एक म्हणजे जुना, जड कॅमेरा ट्रायपॉड. उभं आणि गुडघ्यावर बसून शूट करायला चालतो. झोपून शूट करताना मात्र तो पुरेसा खाली येतो का ते बघा. मधल्या दांड्याला पिशवी अडकवून तिच्यात वजन ठेवलं की तो अजून स्थिर होतो.

दुसरा म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेला दांड्याचा स्टँड. खाली जड लोखंडी बूड, त्यात उभा दांडा, दांड्यावर वर-खाली सरकणारा क्लॅम्प आणि क्लॅम्पवर स्कोपचा बोल्ट. थ्री पोझिशन्ससाठी दांडा दोन तुकड्यांत करून घ्या, झोपून शूट करताना वरचा काढून ठेवता येतो. फक्त एक काळजी घ्या: बहुतेक स्कोपच्या बुडाला कॅमेऱ्यासारखे पाव इंची आटे असतात, इंचाला २० आटे. एम-६ चा बोल्ट दिसायला जवळपास तसाच असतो, पण आटे जुळत नाहीत. जोर लावलात तर स्कोपचे आटे जातील. फॅब्रिकेशनवाल्याला 'पाव इंची, २० आट्यांचा' असं स्पष्ट सांगा. बोल्ट गरजेपेक्षा लांबही नको, आत जाऊन टेकतो.

उजव्या हाताने शूट करणारे सहसा स्कोप रायफलच्या डाव्या बाजूला ठेवतात. स्टँड करून घेताना तुमची बाजू लक्षात ठेवा.

बजेटनुसार काय करायचं?

किमती सेल, डॉलर आणि स्टॉकप्रमाणे हलतात, म्हणून इथे मॉडेलपेक्षा पद्धत सांगतो.

*बजेट दहा हजारांच्या आत:* ५० ते ६० मिमी काच, १५ किंवा २० पासून सुरू होणारा झूम, तिरका आयपीस. एसव्हीबोनीच्या एसव्ही-२८ मालिकेतला १५-४५×५० हा या वर्गातला नमुना. या वर्गातले स्कोप कमाल झूमला मऊ दिसतात, ते गृहीत धरूनच घ्या. किमान झूमला ५० मीटरचं काम निघतं. बजेटचा तिसरा हिस्सा स्टँडसाठी बाजूला ठेवा.

*थोडं वर जायची तयारी असेल तर:* ६५ मिमी वर्ग बघा. सेलेस्ट्रॉनचा अल्टिमा ६५ हा १८-५५× आहे, कोनसचा कोनसपॉट ६५ हा १५-४५×. इथे फोकस, आय रिलीफ आणि संध्याकाळचा उजेड या तिन्हींत फरक जाणवतो. ५० मीटरसाठी परवडणाऱ्या खरेदीची ही वरची मर्यादा समजायला हरकत नाही.

*त्याहून वर:* ईडी काच, ८० मिमी व्यास, नावाजलेल्या कंपन्या. तुम्ही राज्य-राष्ट्रीय पातळीवर नियमित खेळत असाल, मिराज वाचणं हा तुमच्या खेळाचा भाग असेल किंवा ३०० मीटरकडे जाणार असाल तरच इथे या. नाहीतर तेवढ्या पैशांत किती बॉक्स गोळ्या येतात ते मोजा. सरावाच्या गोळ्या गुण वाढवतात, काचेचा व्यास नाही.

परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि वॉरंटी यांचा हिशोब आधीच करा. बिघडल्यावर परत पाठवायचा खर्च स्वस्त स्कोपच्या बाबतीत परवडत नाही.

पंचिंग मशीनची चाचणी

आता या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. ऑफिसात कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन असतं. त्याचं भोक साधारण ६ मिमीचं असतं, म्हणजे पॉइंट टू-टूच्या जवळपास. ऑनलाइन मागवलेला स्कोप परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी करा.

१. एका पांढऱ्या कागदावर काळा कागद चिकटवा. दोन्ही भागांत पंचने आठ-दहा भोकं पाडा. काही सुटी, दोन-तीन एकमेकांना चिकटलेली.

२. मागे तपकिरी पुठ्ठा लावा आणि कार्ड उभं करा.

३. ५० मीटर मोजा. टेप नसेल तर क्रिकेटचं मैदान वापरा. दोन्ही स्टंपांतलं अंतर २०.१२ मीटर असतं, म्हणजे अडीच खेळपट्ट्या झाल्या की ५० मीटर.

४. स्कोप स्टँडवर लावून किमान झूमला बघा. पांढऱ्या भागातली भोकं सहज दिसली पाहिजेत. खरी परीक्षा काळ्या भागाची. तिथली भोकं मोजता आली आणि चिकटलेली भोकं वेगळी ओळखता आली तर स्कोप पास.

५. हेच सकाळी, भर दुपारी आणि उन्हं उतरताना करून बघा. प्रकाश बदलला की काळ्यातली भोकं हरवतात का ते कळेल.

६. जोडीदाराला कार्ड झाकून भोकं बदलायला सांगा आणि तुम्ही आकडा सांगा. 'दिसतंय' असं वाटणं आणि खरंच दिसणं यातला फरक इथे कळतो.

गोळीने पडलेलं भोक पंचइतकं सुबक नसतं, कडा फाटलेल्या असतात. त्यामुळे ही चाचणी म्हणजे किमान अट. यात नापास झालेला स्कोप रेंजवर पास होणार नाही.

जुना स्कोप घ्यावा का?

हो, आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात फायद्याचा सौदा ठरतो. रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट आल्यावर किंवा खेळ सुटल्यावर अनेकांचे चांगले स्कोप कपाटात पडून असतात. प्रशिक्षकांकडे विचारून ठेवा. घेताना हे तपासा:

- पुढच्या काचेतून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड टाकून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे, घेऊ नका.
- फोकस आणि झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये अडकायला नको.
- झूम बदलताना मधोमध असलेली वस्तू फार सरकली तर आतली जुळणी बिघडलेली असू शकते.
- बुडाचे आटे शाबूत आहेत का ते बोल्ट लावून बघा.

पावसाळ्यात सांभाळायचं कसं?

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या दमट हवेत दुर्बिणीची सगळ्यात मोठी शत्रू बुरशी. बॅगेत बंद करून ठेवलेला स्कोप दोन पावसाळ्यांत खराब होऊ शकतो. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलची पाकिटं, एवढं पुरे. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलं तर ओल शोषून झाली की कळतं, मग ते तापवून पुन्हा वापरता येतं. ओला स्कोप डब्यात ठेवायचा नाही, आधी पंख्याखाली वाळवायचा. काच शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर कापड.

आणि एक कायमचा नियम: स्कोप सूर्याकडे कधीही वळवू नका. क्षणभरात डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे आधी सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*साधी दुर्बीण चालेल का?*
१०×५० ची दुर्बीण ५० मीटरला ५ मीटरवरून बघितल्यासारखं दाखवते. ट्रायपॉडवर लावली तर पांढऱ्यातली भोकं दिसतील, काळ्यातली अवघड. २५ मीटरला चांगली चालते. घरी असेल तर आधी तीच वापरून बघा.

*स्पॉटिंग स्कोपला परवाना लागतो का?*
नाही. ती दुर्बीणच आहे.

*मोबाइल लावून बघता येतं का?*
येतं, त्यासाठी अडॅप्टर मिळतात. सरावात प्रशिक्षकाला दाखवायला छान. पण मोबाइलच्या वजनाने हलका स्टँड झुकतो, म्हणून स्टँड आधी. स्पर्धेत मोबाइल वापरायच्या फंदात पडू नका.

*प्रत्येक शॉटनंतर स्कोपमध्ये बघायचं का?*
आधी कॉल करा, मग बघा. न बोलता थेट बघायची सवय लागली तर स्वतःचा अंदाज तयार होत नाही. किती वेळा बघायचं ते प्रशिक्षकांना विचारा.

थोडक्यात

१० मीटर असेल तर स्कोप घेऊ नका. २५ मीटरला दुर्बिणीने भागतं का बघा. ५० मीटरसाठी ५० ते ६५ मिमी काच, १५ किंवा २० पासून सुरू होणारा झूम, तिरका आयपीस, फिरणारी कॉलर, आणि चष्मा असेल तर १५ मिमी आय रिलीफ. उरलेले पैसे जड स्टँडला. वस्तू हातात आली की पंचिंग मशीनची चाचणी करा. त्यात पास झाला तर ब्रँड कुठलाही असो, तुमच्या कामाला तो स्कोप पुरेसा आहे. त्यातूनही काही शिल्लक राहिलं तर ते गोळ्यांसाठी ठेवा.